बेस ॲम्पचं हमिंग: दुरुस्तीच्या नोंदी, जून-जुलै २०२४

८ जून २०२४, शनिवार. सिडको, नाशिक

भाच्याने आज रिक्षात घालून बेस गिटारच्या ॲम्पचं हेड (म्हणजे स्पीकरशिवायचा नुसता ॲम्प) आणलं. बंद पडलेल्या एका ऑर्केस्ट्राकडून त्याने ते विकत घेतलंय. पुढची नावाची पाटी गेलेली, मागच्या पत्र्यावर फक्त २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ एवढंच वाचता येतं. आत दोन ६एल६जीसी आणि तीन १२एएक्स७ व्हॉल्व्ह, सिलिकॉन डायोड, सप्लायचा तरंग कमी करणारा एक चोक आणि दोन जड ट्रान्सफॉर्मर. ५० वॅटच्या आसपासचा, जुन्या पद्धतीचा पुश-पुल ॲम्प, म्हणजे शेवटचे दोन व्हॉल्व्ह एकमेकांच्या उलट ओढणारा. असं काम वीस वर्षांत हाती आलं नव्हतं. कंपनीत दिवसभर मोटारी आणि पॅनेल बघतो. व्हॉल्व्ह बघून बरं वाटलं.

तक्रार त्याच्याच शब्दांत: "मामा, चालू केलं की घूंऽऽ सुरू होतं. गाणं चालू असताना कळत नाही, पण थांबलं की सगळ्या खोलीत तेवढंच." १४ जुलैला गंगापूर रोडवर त्यांचा कार्यक्रम आहे, म्हणजे पाच आठवडे. ऑर्केस्ट्रावाल्यांनी दोनदा व्हॉल्व्ह बदलून पाहिले होते म्हणे, फरक पडला नाही. यात आश्चर्य नाही. हमिंग हा एक आजार नसतो. चार-पाच वेगवेगळ्या कारणांचे आवाज एकत्र होऊन येतात, आणि त्यातला मोठा जात नाही तोवर छोटा ऐकूच येत नाही. म्हणून या वेळी ठरवलंय: अंदाजाने एकही पार्ट बदलायचा नाही. आधी ऐकायचं, मग मोजायचं, मग हात लावायचा.

चालू करण्याआधी वायर बघितली आणि थांबलो. थ्री-पिन प्लगची अर्थिंगची जाड पिन करवतीने कापलेली. हमिंग कमी करायला कोणीतरी केलेला उपाय. शिवाय आत मेन्सच्या एका तारेपासून चासीपर्यंत, म्हणजे ॲम्पच्या पत्र्याच्या सांगाड्यापर्यंत, ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावलेला. जुन्या ॲम्पमध्ये हा असायचा. धड असताना त्यातून साडेतीन मिलिअँपिअर गळतात, नुसती झिणझिणी. तो शॉर्ट झाला आणि अर्थिंग नसली तर सबंध मेन्स चासीवर, चासीवरून केबलच्या जाळीवर, जाळीवरून बेसच्या तारांवर. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात त्या तारांवर, आणि समोर माइक. भाच्याला समोर बसवून हे सांगितलं. हमिंग राहिलं तरी चालेल, पण अर्थिंग कधीच तोडायची नाही. तो कपॅसिटर काढून टाकला. नवी तीन कोअरची वायर, नवा ६ अँपिअरचा प्लग, अर्थची तार चासीच्या स्वतंत्र बोल्टला, दातेरी वॉशर घालून. मीटर लावून पिन ते चासी ०.१ ओहम बघितलं.

आज एवढंच. ॲम्प अजून चालू केलेला नाही.

९ जून, रविवार

सिरीज बोर्डवर, १०० वॅटचा बल्ब मध्ये घालून चालू केला. बल्ब क्षणभर पेटला आणि मंद झाला, म्हणजे कुठे शॉर्ट नाही. मग थेट मेन्सवर. स्पीकरऐवजी ८ ओहम, १०० वॅटचा ॲल्युमिनियमच्या अंगाचा रेझिस्टर लावला. व्हॉल्व्हचा ॲम्प लोडशिवाय चालवायचा नसतो, आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये ठिणगी पडते आणि तो पार्ट परत मिळत नाही.

मोजायची पद्धत ठरवली, रोज हीच ठेवणार: इनपुटला शॉर्ट केलेला जॅक, टोनची बटणं मध्यावर, आउटपुटचे मिलिव्होल्ट दोनदा मोजायचे. एकदा व्हॉल्यूम शून्यावर, एकदा अर्ध्यावर. आजचे आकडे:

शून्यावर १५०, अर्ध्यावर २१०.

चांगल्या ॲम्पमध्ये शून्यावर पाचाच्या खाली हवेत.

मग स्पीकर लावून ऐकलं. इथे भाच्याचा बेस कामी आला. आपल्याकडचे मेन्स ५० हर्ट्झ. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरच्या तारांतून किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून आलेलं हमिंग ५० चं असतं. डायोडनंतरच्या सप्लायमधून आलेलं १०० चं, कारण फुल-वेव्हमध्ये प्रत्येक सायकलचे दोन्ही अर्धे वापरले जातात. आता बेसच्या तारा बघा. मोकळी 'जी' ९८ हर्ट्झ. ती ट्यूनरवर नीट लावून, ॲम्पमध्ये न जोडता नुसतीच छेडली आणि कान स्पीकर आणि तार यांच्या मध्ये धरला. ९८ आणि १०० एकत्र आले की आवाज सेकंदाला दोनदा फुगतो आणि बसतो. तसंच 'ई' तारेच्या तिसऱ्या पडद्यावर ४९ हर्ट्झ. तिथे ५० चं हमिंग असेल तर सेकंदाला एकदा. तंबोरा लावताना दोन तारा जवळ आल्या की जी लहर येते, तीच ही. देशाच्या वीज-ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवायचा नियम आहे, त्यामुळे मेन्स हा भरवशाचा स्वर आहे.

मोकळी 'जी' छेडली: वूं-वूं, वूं-वूं, सेकंदाला दोन, अगदी स्वच्छ. तिसऱ्या पडद्यावर: आहे, पण मंद, मोठ्या आवाजाखाली दबलेली. भाच्याने डोळे मिटून हातावर ताल धरला आणि दोन्ही ओळखल्या. त्याचा कान माझ्यापेक्षा तयार आहे.

म्हणजे दोन वेगळे आवाज आहेत. मोठा १०० चा, त्याखाली ५० चा.

अमेरिकन पुस्तकं वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट. त्यांचे आकडे ६० आणि १२० असतात, ते आपल्याकडे लावू नका. आणि नुसतं ६० हर्ट्झ लिहिलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो, स्वतःच गुरगुरतोही. या पत्र्यावर ५०/६० आहे, म्हणून ती काळजी मिटली.

१५ जून, शनिवार

भाच्याच्या गिटारवाल्या मित्राने सुचवलं की एका व्हॉल्व्हकडून दुसऱ्याकडे सिग्नल नेणारे मधले कपलिंग कपॅसिटर छोटे करा, हमिंग आपोआप कापलं जाईल. गिटारच्या ॲम्पला हे चालेल, कारण गिटारची सगळ्यात खालची 'ई' ८२ हर्ट्झ. त्याखालचं काही नसलं तरी बिघडत नाही. बेसची 'ई' ४१ हर्ट्झ. ५० आणि १०० हे दोन्ही त्याच्या वाद्याच्या मधोमध येतात. हमिंग कापायला गेलो तर बेसच कापला जाईल. १९५१ मध्ये फेंडर कंपनीने प्रिसिजन बेस काढला आणि लगेच पुढच्या वर्षी त्यासाठी बासमन हा वेगळा ॲम्प आणावा लागला, तो उगाच नाही. खालचे स्वर पोचवणारा ॲम्प खालचं हमिंगही तितक्याच इमानाने पोचवतो. म्हणून बेस ॲम्पमध्ये हमिंग लपवता येत नाही, त्याच्या उगमालाच जावं लागतं.

मागचं झाकण काढलं. सप्लायचा तरंग सपाट करणारे फिल्टर कपॅसिटर पुठ्ठ्याच्या नळीतले, मूळचेच. एकाच्या बुडाशी रबराभोवती मिठासारखा पांढरा थर बसलाय, नखाने खरवडला तर निघतो. आतलं द्रव वाळून बाहेर आलेलं.

हात घालण्याआधी डिस्चार्ज. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायची सवय अनेकांना असते, ती वाईट. १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर, दोन टोकांना मगरक्लिपा, एक चासीला, एक प्लसला. मीटर लावून ठेवायचा आणि ५ व्होल्टच्या खाली उतरल्याशिवाय हात आत न्यायचा नाही. या ॲम्पमध्ये कपॅसिटर रिकामे करणारा २२० किलोचा रेझिस्टर आतून तुटलेला निघाला. म्हणजे बंद केल्यावरही आत बराच वेळ घातक व्होल्टेज बसून राहू शकतं. भाचा शेजारी उभा राहून फोनवर व्हिडिओ घेत होता, त्याला दुसरा हात खिशात ठेवायला सांगितलं.

आकडे: पहिल्या कपॅसिटरवर डीसी ४२५ व्होल्ट, त्यावर एसी तरंग १३ व्होल्ट. चोकच्या पुढे, जिथून शेवटच्या व्हॉल्व्हमधल्या स्क्रीन ग्रिडला (आतल्या एका जाळीला) सप्लाय जातो तिथे, १.९ व्होल्ट. माझ्या हिशेबाने ५० मायक्रोफॅरड आणि ८० मिलिअँपिअरला पहिल्या ठिकाणी ४ च्या आसपास यायला हवा. तिप्पट आहे. कपॅसिटर मेले.

१६ जून, रविवार

पार्ट येईपर्यंत व्हॉल्व्ह उपसून पाहण्याची तपासणी. प्रत्येक वेळी बंद करून, थंड होऊ देऊन, मगच काढला. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून: पहिला १२एएक्स७ काढला, १५०. फरक नाही. दुसरा काढला, १४५. तिसरा, म्हणजे शेवटच्या दोन व्हॉल्व्हसाठी सिग्नलचे दोन उलटे भाग करणारा फेज स्प्लिटर, काढला, १२०. समोर कोणीच नसताना १२० मिलिव्होल्ट, म्हणजे मोठा आवाज शेवटच्या टप्प्यात आणि त्याच्या सप्लायमध्ये आहे.

पण पुश-पुलमध्ये सप्लायचा तरंग दोन्ही व्हॉल्व्हमध्ये सारखाच येतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकाला मारतो. तो इतका बाहेर येतोय, त्याचा अर्थ दोन व्हॉल्व्ह सारखे ओढत नाहीत. हे लिहून ठेवलं, याची पाळी नंतर.

२० जून, गुरुवार

कपॅसिटर मिळाले, १०० मायक्रोफॅरड ३५० व्होल्टचे आणि ४७ मायक्रोफॅरड ३५० चे. व्हॉल्व्ह मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातून कुरिअरने येतायत.

२२ जून, शनिवार

दिवसभर डाख. पहिल्या ठिकाणी १०० मायक्रोफॅरडचे दोन सिरीजमध्ये, म्हणजे ५० मायक्रोफॅरड आणि ७०० व्होल्टची ताकद. प्रत्येकावर २२० किलोचा रेझिस्टर, म्हणजे दोघांवर व्होल्टेज सारखं वाटलं जातं आणि बंद केल्यावर रिकामेही होतात. ४५० व्होल्टचा एकच का नाही, असं भाच्याने विचारलं. सिलिकॉन डायोड चालू केल्या क्षणी सप्लाय देतात, पण व्हॉल्व्ह तापायला पंधरा-वीस सेकंद लागतात. तोवर ओढणारं कोणी नसतं आणि व्होल्टेज ४७० पर्यंत चढतं. ४५० चा कपॅसिटर रोज त्या वीस सेकंदांत मार खातो.

बायसचाही (व्हॉल्व्हने किती प्रवाह ओढायचा ते ठरवणाऱ्या व्होल्टेजचा) कपॅसिटर बदलला, ५० मायक्रोफॅरड १०० व्होल्ट. इथे प्लसचं टोक चासीला येतं, कारण बायस उणे असतो. सवयीने मायनस चासीला लावणारे खूप जण असतात आणि तो फुगून फुटतो. या ॲम्पमध्ये बायसचा सप्लाय एका डायोडचा, अर्ध्या सायकलवरचा, म्हणून तो वाळला तर त्याचं हमिंग ५० चं येतं. १०० चं असेल तर मोठ्या कपॅसिटरकडे बघा, ५० चं असेल तर हीटरइतकंच बायसकडेही बघा.

तरंग आता: पहिल्या ठिकाणी ४ व्होल्ट, चोकच्या पुढे ०.१३. उत्तम.

आउटपुट: शून्यावर ३०, अर्ध्यावर ९५.

घूं गेलं. पण त्या जागी नवाच आवाज आलाय, बारीक, धारदार, झर्रऽ असा, पत्र्यावर माशी अडकल्यासारखा. हा काल नव्हता.

२३ जून, रविवार

सकाळी जुन्या नाशकात, भद्रकालीजवळ राहणाऱ्या रेडिओवाल्या काकांना घेऊन आलो. वय चौऱ्याहत्तर, दुकान बंद करून बरीच वर्षं झाली. लहानपणी वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ त्यांच्याकडेच जायचा, आणि मी स्टुलावर बसून त्यांचे हात बघायचो.

काकांनी मीटर मागितला नाही. आईकडून उदबत्ती मागून घेतली, तिचा मसाला मोडून टाकला आणि नुसती बांबूची काडी घेऊन एकेक तार हलक्या हाताने हलवत गेले. बांबू कोरडा, वीज वाहत नाही, आणि तारेला लागताना बोटाला कळतं की डाख धरलाय की सैल आहे. इनपुटच्या बाजूच्या बोल्टपाशी काडी आली तशी झर्र जरा बदलली. काकांनी मान वर केली.

"या कपॅसिटरचा मायनस कुठे नेलास रे?"

"तिथेच काका, जवळच्या बोल्टला."

"आणि पहिल्या व्हॉल्व्हची अर्थ?"

तीही त्याच बोल्टला होती. चूक माझी. जुन्या कपॅसिटरची तार लांबून ट्रान्सफॉर्मरकडे गेली होती. मी नवी लावताना जवळचा बोल्ट पकडला, काम नीटनेटकं दिसावं म्हणून.

कारण समजून घेण्यासारखं आहे. ॲम्प सरासरी ८० मिलिअँपिअर ओढतो, पण कपॅसिटर सतत भरत नाही. सेकंदाला शंभर वेळा, तरंगाच्या शेंड्याशी, थोडक्या वेळात तो एकदम भरतो, आणि त्या झटक्याची उंची अर्ध्या अँपिअरच्या वर जाते. हा झटका ज्या पत्र्यातून, ज्या बोल्टातून जातो, तिथे काही मिलिओहम जरी असले तरी मिलिव्होल्टभर उसळी येते. पहिल्या व्हॉल्व्हची अर्थ त्याच बोल्टला असेल तर त्याला ती उसळी बेसच्या सिग्नलसारखीच दिसते आणि तो इमानाने मोठी करतो. झटका टोकदार, म्हणून आवाजही टोकदार. गोल घूं म्हणजे कपॅसिटर कमी. धारदार झर्र म्हणजे बहुतेक अर्थची वाट चुकली.

दुरुस्ती: ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपची तार आणि पहिल्या कपॅसिटरचा मायनस आधी थेट एकमेकाला, जाड तारेने. तिथून एकच तार चासीच्या बोल्टला, ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला. पहिल्या दोन व्हॉल्व्हच्या अर्थ आपापल्या कपॅसिटरच्या मायनसला गोळा करून इनपुट जॅकपाशी चासीला. झटक्याने आपल्या घरातल्या घरातच फिरायचं, शेजाऱ्याच्या अंगणात यायचं नाही, असं काका म्हणाले.

शून्यावर १२, अर्ध्यावर ७०. झर्र पूर्ण गेली.

काकांनी जाताना पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक ईसीसी८३ दिला, १२एएक्स७ चंच युरोपियन नाव. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा. काचेवरची अक्षरं पुसट झालीत, बोट लावलं तर जातील, म्हणून बुडाशी धरून ठेवला. पैसे घेतले नाहीत. "वाजला की बोलाव," एवढंच म्हणाले.

२९ जून, शनिवार

दुपारभर पाऊस. आज ५० ची पाळी.

आकडेच सांगतायत: व्हॉल्यूम उघडला की १२ चे ७०, म्हणजे हा आवाज व्हॉल्यूमच्या आधी, पहिल्या व्हॉल्व्हमध्ये शिरतोय. पहिला काढला की अर्ध्यावरही १३ वर येतो. तिसऱ्या पडद्याची लहर आता एकटी आणि स्पष्ट, सेकंदाला एक. काकांचा ईसीसी८३ लावून पाहिला, ६६. म्हणजे व्हॉल्व्ह नाही, तारा.

हीटर ६.३ व्होल्ट एसीवर चालतात. तीन १२एएक्स७ प्रत्येकी ०.३ अँपिअर, दोन ६एल६जीसी प्रत्येकी ०.९, एकूण २.७ अँपिअर एसी, व्हॉल्व्हच्या ग्रिडच्या, म्हणजे सिग्नल आत नेणाऱ्या, तारांच्या शेजारून. म्हणून त्या दोन तारा घट्ट पीळ देऊन नेतात आणि दोन्ही तारा चासीच्या सापेक्ष सारख्याच वर-खाली व्हाव्यात अशी सोय करतात. इथे ती सोय म्हणजे १०० ओहमचे दोन रेझिस्टर, प्रत्येक तारेतून एक, चासीला. दोन्ही तारांवर ३.१५ व्होल्ट यायला हवेत.

मीटर: एका तारेवर ६.२. दुसरीवर ०.०.

समतोलच नाही. दिव्याच्या होल्डरमागे वाकून बघितलं तर एक रेझिस्टर मधोमध तडकलेला, त्यावर केसाएवढी काळी रेघ. का जळला असेल म्हणून मागे मागे गेलो. ६एल६ च्या सॉकेटमध्ये २ नंबरची पिन हीटरची आणि लगेच ३ नंबरची प्लेटची, चारशे व्होल्टवाली. भिंग लावून बघितलं तर एका सॉकेटमध्ये त्या दोन पिनांच्या मधल्या बेकेलाइटवर कोळशाची वाट पडलीय, पेन्सिलने ओढल्यासारखी. कधीतरी तिथे ठिणगी पडली, चारशे व्होल्ट हीटरवर आले आणि त्या पाव रुपयाच्या रेझिस्टरने जळून ट्रान्सफॉर्मर वाचवला. नंतर फक्त व्हॉल्व्ह बदलत राहिले, रेझिस्टरकडे कोणी बघितलं नाही.

ते सॉकेट फेकलं, दोन्ही जागी सिरॅमिकची सॉकेटं घातली. नवे १०० ओहम, अर्ध्या वॅटचे, मीटरने निवडून सारखे. हीटरच्या तारा नव्याने पिळल्या, चासीच्या कोपऱ्यातून नेल्या, ग्रिडच्या तारेला ओलांडायचं तिथे काटकोनात.

आणखी एक सुधारणा: रेझिस्टरचं मधलं टोक चासीला न देता ४५ व्होल्ट डीसीवर ठेवलं. सप्लायमधून २२० किलो आणि २७ किलोचा विभाजक, दोन-दोन वॅटचे रेझिस्टर, २७ वर १०० व्होल्टचा छोटा कपॅसिटर. हीटर कॅथोडपेक्षा (व्हॉल्व्हमधल्या इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागापेक्षा) वरच्या व्होल्टेजवर राहिला की तापलेल्या हीटरमधून कॅथोडकडे इलेक्ट्रॉन जात नाहीत.

शून्यावर ६, अर्ध्यावर १४. सत्तरचे चौदा! रात्रीचे साडेअकरा वाजले होते. भाच्याला फोन करून उठवला आणि आकडा सांगितला.

३० जून, रविवार

कॅथोडमध्ये १ ओहमचे रेझिस्टर घातले. जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर. जुनी जोडी: ४२ आणि २४. जागा अदलाबदल केल्या, आकडेही व्हॉल्व्हबरोबर गेले, म्हणजे सर्किट ठीक, जोडीच विजोड. मुंबईहून आलेली नवी जुळवलेली जोडी: ३४ आणि ३५, बायस उणे ४८. प्रत्येकी पंधरा वॅट होतात. ६एल६जीसीची मर्यादा ३० वॅट. आणखी गरम चालवता आला असता, पण ट्रान्सफॉर्मर जुना आहे, त्याला जपलं.

शून्यावर ३, अर्ध्यावर ११. इथे माझं टेबलावरचं काम संपलं.

७ जुलै, रविवार

ॲम्प त्यांच्या सरावाच्या खोलीत नेला. जुन्या नाशकातला वाडा, माडीवरची खोली, लाकडी जिना. चौघांनी मिळून वर चढवला. चालू केला आणि झर्रऽ. भाच्याचा चेहरा उतरला. माझ्या टेबलावर तीन मिलिव्होल्ट होते, इथे काय झालं?

घाई केली नाही. बेसची केबल काढली, आवाज गेला. म्हणजे ॲम्प नाही. केबल लावली, आला. बेसच्या तारांवर हात ठेवला की निम्मा, हात काढला की पूर्ण. त्याचा बेस दोन पिकअपचा (पिकअप म्हणजे तारेची थरथर उचलणारी गुंडाळी), दोन्ही एकमेकांच्या उलट गुंडाळलेले. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण ठेवले तर पिकअपमधलं हमिंग एकमेकाला मारतं, एक कमी केला की परत येतं. तो भाग वेगळा आणि त्यावर ॲम्पमध्ये उपाय नाही. पण हात लावल्यावर कमी होणारा हा आवाज तो नव्हे. शिवाय चासीला उलटा तळहात लावला तर बारीक झिणझिणी.

सॉकेट तपासलं. फेज ते न्यूट्रल २३२. फेज ते अर्थ ९० च्या आसपास, हलता आकडा. हलता आकडा म्हणजे लोंबकळती तार. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये होल्डरला लावलेला १०० वॅटचा बल्ब धरला. पेटला नाही, तांबूसही झाला नाही. (ही तपासणी हातखंडा असलेल्यानेच करावी.) बोर्ड उघडला तर तिसऱ्या भोकामागे तारच नाही. भोक आहे, अर्थ नाही.

त्या खोलीत तीन वर्षं हे लोक सराव करतायत, माइक तोंडाशी धरून. मी ॲम्पची वायर तिथेच गुंडाळली आणि अर्थिंग होईपर्यंत काहीच लावायचं नाही असं सांगितलं. घरमालक आजींनाही बसून समजावलं. त्या लगेच म्हणाल्या, "पोरांना काही व्हायला नको, करून घ्या." खर्च निम्मा निम्मा ठरला.

१० जुलै, बुधवार

परवानाधारक इलेक्ट्रिशियनने परसात, विहिरीच्या अंगाला खड्डा घेतला. वर काळी माती, खाली मुरूम, मग पहार वाजायला लागली. अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ थरावर थर, वर पाणी घालायला फनेल आणि झाकण. माडीवर नवी हिरवी तार आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच. उन्हाळ्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी घालायचं काम आजींनी स्वतःकडे घेतलंय.

१३ जुलै, शनिवार

फेज ते अर्थ २३१, न्यूट्रल ते अर्थ १.८. हे आकडे स्थिर. बेस लावला, दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण: काही नाही. ॲम्प चालू आहे की नाही ते मागे वाकून व्हॉल्व्हचा उजेड बघून ठरवावं लागलं.

संध्याकाळी मधेच वीज गेली आणि वाड्याचा इन्व्हर्टर सुरू झाला, लगेच झर्र आली. तो चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर आहे, त्यावर ॲम्पची परीक्षा करायची नाही. वीज आल्यावर झर्र गेली.

१४ जुलै, रविवार

कार्यक्रम झाला. सभागृहाच्या सॉकेटची अर्थिंग आधी जाऊन तपासली होती. काकांना रिक्षाने नेलं, तिसऱ्या रांगेत बसवलं. त्यांचा ईसीसी८३ पहिल्या जागेवर होता.

दुसऱ्या गाण्याच्या शेवटी सगळे थांबतात आणि बेस एकटा मोकळी 'जी' धरून ठेवतो. ती हळूहळू विरत गेली. ९८ हर्ट्झ, आणि शेजारी १०० चं काहीच नाही, त्यामुळे लहर नाही, फुगणं-बसणं नाही, एकच सरळ रेघ. पार शेवटपर्यंत ऐकू आली. काकांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि गाणं संपल्यावर परत घातली.

२० जुलै, शनिवार

राहिलेलं: मागच्या झाकणाचे दोन स्क्रू मिळवायचे. स्टँडबाय स्विच सैल आहे, बदलायचा. अर्ध्यावर जे ११ राहिलेत त्यात चोक आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जवळ असल्याचा वाटा असावा, चोक काटकोनात फिरवून बघायचा. सगळ्या व्होल्टेजचा कागद लिहून झाकणाच्या आतून चिकटवला, पुढे जो उघडेल त्याच्यासाठी. प्लगवर पांढऱ्या रंगाने लिहिलं: पिन कापू नये.